नाव आणि नांव : युद्धनौकांना माणसांची नावे का देऊ नयेत

१/ नवी युद्धनौका नौदलात दाखल झाली की समाजमाध्यमांवर एक मागणी ठरल्याप्रमाणे फिरू लागते : हिला अमुक महापुरुषाचे नाव का दिले नाही? शहराचे दिले, डोंगराचे दिले, माशाचेही दिले. मग महाराजांचे का नाही, सरखेलांचे का नाही? मागणी करणाऱ्यांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. मागणी मात्र चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे इतिहासच दाखवतो. आजचा धागा त्यासाठी. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ आधी एक शब्दाची गंमत. मराठीत बोटीलाही नाव म्हणतात आणि नामालाही नाव. जुन्या लेखनात नामवाचक 'नांव'वर अनुस्वार असे, त्यामुळे दोन्ही वेगळे ओळखू येत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी तो अनुस्वार काढला आणि 'नाव बुडाली' की 'नाव बुडाले' एवढ्या क्रियापदाच्या लिंगावर भेद उरला. या धाग्यातला सगळा वाद त्या एका मात्रेचा आहे.

३/ पहिला समज असा, की भारतीय नौदल शिवछत्रपतींना विसरले. लोणावळ्याला नौदलाची अभियांत्रिकी शिक्षण देणारी संस्था आहे. तिचे नाव 'आयएनएस शिवाजी'. हे नाव स्वतंत्र भारताने दिलेले नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये, इंग्रजांचे राज्य असताना, 'एचएमआयएस शिवाजी' म्हणून ती संस्था सुरू झाली. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी खांदेरीच्या पाण्यात महाराजांच्या आरमाराशी झुंज घेतली, त्यांच्याच राजाच्या आरमारात महाराजांचे नाव आले होते.

४/ दुसरे उदाहरण याहून चवदार. मुंबईच्या किल्ल्यातील नौदलाच्या तळाचे नाव १९४० पासून 'डलहौसी' होते. सातारा आणि नागपूरची राज्ये खालसा करणारा तोच हा डलहौसी. सप्टेंबर १९५१ मध्ये ते नाव उतरवले आणि तळ 'आयएनएस आंग्रे' झाला. ज्या कान्होजींना कंपनीच्या कागदांत चाचा, दरोडेखोर असे संबोधले जाई, त्यांचे नाव कंपनीच्याच किल्ल्यात लागले. याच मुंबईत कुलाब्याला नौदलाचे 'आयएनएस कुंजाली' आहे. पोर्तुगीजांशी पिढ्यान्पिढ्या लढलेल्या मलबारच्या कुंजाली मरक्कारांचे ते नाव. आंग्रे आणि कुंजाली एका शहरात शेजारी आहेत, हे मला नौदलाच्या शहाणपणाचे एक उत्तम चिन्ह वाटते.

५/ आता या चारही ओळींत एक समान गोष्ट आहे, ती पाहा. शिवाजी, आंग्रे, कुंजाली : तिन्ही जमिनीवर आहेत. नौदलात किनाऱ्यावरच्या तळालाही नौकाच मानतात. त्यालाही 'आयएनएस' लागते, तिथेही ध्वज चढतो-उतरतो, आणि तिथून बाहेर पडणारा खलाशी 'किनाऱ्यावर गेलो' असेच म्हणतो. नौदलाने साधारणपणे माणसांची नावे या न बुडणाऱ्या नौकांना दिली. समुद्रावर जाणाऱ्यांना डोंगर, नद्या, शहरे, बेटे, शस्त्रे आणि जलचर यांची दिली. सह्याद्री, ब्रह्मपुत्रा, कोलकाता, कवरत्ती, तलवार, कलवरी. लेखी नियम असो वा नसो, प्रघात स्पष्ट आहे.

६/ अपवाद शोधणारे गेल्या वर्षीची 'कौंडिण्य' पुढे करतील. मे २०२५ मध्ये कारवारला दाखल झालेली ती शिडाची, काथ्याने शिवलेल्या फळ्यांची नौका आहे. कौंडिण्य हा दंतकथेतला खलाशी. ती लढायला जाणार नाही. तिचे नाव मला खटकत नाही.

७/ लढणाऱ्या नौकेचे तसे नाही. ती बुडू शकते, हे तिच्या कामाचेच अंग आहे. २ मे १९८२ रोजी दक्षिण अटलांटिकमध्ये ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची 'जनरल बेल्ग्रानो' ही क्रूझर बुडवली. ३२३ माणसे गेली. मॅन्युएल बेल्ग्रानो हे अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्ययुद्धाचे सेनानी, त्या देशाच्या ध्वजाचे जनक. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत त्यांचे नाव कोणत्या क्रियापदासोबत छापले गेले असेल, याची कल्पना करा. आता त्या जागी आपल्याला हवे असलेले नाव ठेवून पाहा. मी ते येथे लिहिणार नाही. वाचकांनी मनात लिहावे.

८/ हाच धसका एका मोठ्या हुकूमशहाने घेतला होता. आमच्या जिल्ह्याची म्हण सर्वांना ठाऊक आहे : जगात जर्मनी, भारतात परभणी. त्या जर्मनीच्या आरमारात 'डॉइचलँड' नावाचीच, म्हणजे खुद्द 'जर्मनी' नावाची, युद्धनौका होती. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर हिटलरला वाटले, ही बुडाली तर 'जर्मनी बुडाली' असा मथळा होईल. १९३९-४० च्या हिवाळ्यात तिचे नाव बदलून 'ल्युट्झो' केले. ल्युट्झो हा नेपोलियनविरुद्ध लढलेला सेनानी. देशाचे नाव वाचवायचे म्हणून माणसाचे नाव पुढे केले. ते बुडाले तरी चालण्यासारखे होते! माणसाचे नाव नौकेवर असणे हा नेहमी सन्मानच असतो, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

९/ यावर उत्तर येते : 'आमची नौका बुडणारच नाही.' असे म्हणणाऱ्याने ९ डिसेंबर १९७१ ची रात्र वाचावी. दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने 'आयएनएस खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासोबत गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्या युद्धात आपण समुद्रावर जिंकलो, तरीही खुकरी बुडाली. जिंकणाऱ्यांच्याही नौका बुडतात.

१०/ आणि पुढे काय झाले? ऑगस्ट १९८९ मध्ये माझगाव गोदीत बांधलेली नवी 'खुकरी' नौदलात आली आणि डिसेंबर २०२१ पर्यंत राबली. खुकरी हे गुरख्याच्या कमरेचे शस्त्र. एक मोडले तर दुसरे घडवावे, त्यात अपमान नाही. बुडालेल्या नौकेचे नाव पुन्हा पाण्यात उतरवण्यात तर एक प्रकारचे प्रत्युत्तरच आहे. हे शस्त्राच्या नावाने जमते. माणसाच्या नावाने ते इतके सहज जमत नाही.

११/ बुडणे सोडा; प्रत्येक नौकेला म्हातारपण आहे. १९६१ ची पहिली 'विक्रांत' १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे संग्रहालय म्हणून मुंबईत उभी राहिली आणि २०१४ मध्ये भंगार म्हणून तोडली गेली. हळहळ झाली, पण 'विक्रांत' हे विशेषण होते. सप्टेंबर २०२२ मध्ये कोचीला ते नव्या नौकेने धारण केले. याउलट भारतीय नौवहन महामंडळाने १९८० च्या दशकात आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरचक्र विजेत्यांची नावे दिली. हेतू थोर होता. त्यांत कारवारकडचे रामा राघोबा राणे यांचे नावही होते. जहाजांची वये झाली आणि ती सेवेतून गेली. त्या बातम्यांचे मथळे शोधून वाचा. परमवीराच्या नावाला 'मोडीत' हा शब्द लागलेला पाहून ज्याला काहीच वाटणार नाही, त्याच्याशी माझा वाद नाही.

१२/ तटरक्षक दलाचे उदाहरण हमखास दिले जाईल. १९८४ पासून त्यांच्याकडे 'जिजाबाई' वर्गाच्या गस्ती नौका होत्या. त्याच वर्गात 'चांदबिबी' आणि 'कित्तूर चेन्नम्मा'ही. जिजाऊ आणि नगरची चांदबिबी एका वर्गात, ही योजना ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार. पण तटरक्षक दलाचे पहिले काम बुडणाऱ्याला वाचवण्याचे आहे. त्या नौका शत्रूच्या क्षेपणास्त्रासमोर उभ्या राहण्यासाठी बांधलेल्या नसतात. हा फरक मोठा आहे.

१३/ आता दुसरा धोका. माणसाचे नाव दिले की ते काढण्याची सोयही दिली जाते. वर सांगितलेली 'बेल्ग्रानो' मुळात अमेरिकेची 'फीनिक्स'. अर्जेंटिनाने ती १९५१ मध्ये घेतली तेव्हा पेरॉनच्या चळवळीचा दिवस म्हणून तिचे नाव 'सतरा ऑक्टोबर' ठेवले. पेरॉन पदच्युत झाल्यावर १९५६ मध्ये ती 'जनरल बेल्ग्रानो' झाली. जून २०२५ मध्ये अमेरिकेने 'हार्वे मिल्क' या तेलपुरवठा जहाजाचे नाव पुसून दुसऱ्या नौसैनिकाचे दिले, कारण सरकार बदलले आणि मिल्क हा समलिंगी नेता नव्या सरकारला रुचेना. जहाज तेच, खलाशी तेच, गोदीही तीच. महाराष्ट्रात पुतळे, चौक, विद्यापीठे यांच्या नामांतराचा अनुभव आपल्याला कमी नाही. मराठवाड्यातल्या माणसाला तर नामांतर या शब्दाची किंमत वेगळी समजावून द्यावी लागत नाही. विद्यापीठाचे नाव बदलण्यात न्यायाचा प्रश्न होता, आणि तो सुटायला सोळा वर्षे आणि माणसांचे जीव लागले. युद्धनौकेवर तसला प्रश्न मुद्दाम ओढवून घेण्याचे काय कारण?

१४/ आणि तिसरा धोका, ज्याविषयी कोणी बोलत नाही : जात. समजा, उद्या ठरले की मराठा आरमाराच्या पुरुषांची नावे नौकांना द्यायची. पहिले कोणाचे? सभासद बखरीत आरमाराचे दोन सुभे सांगितले आहेत, एक दर्यासारंगाचा, दुसरा मायनाक भंडाऱ्याचा. एक मुसलमान, एक भंडारी. पुढे दौलतखान येतो. नंतर आंग्रे, धुळप. गलबते वल्हवणारे कोळी, खारवी, गाबीत तर नावानिशी कागदावर आलेलेच नाहीत. नौका किती आणि समाज किती! पहिल्या नावाच्या घोषणेनंतर तासाभरात कोणकोणती निवेदने निघतील, ती मी आताच लिहून देऊ शकतो. समुद्रावर सर्वांना एका दोरीने बांधणारी वस्तू किनाऱ्यावर पोचण्याआधीच वाटून घेतली जाईल.

१५/ याला उत्तर नौदलानेच दिलेले आहे. त्याचे नाव 'खांदेरी'.

१६/ खांदेरी हे मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या समोरचे बेट. १६७९ च्या पावसाळ्यात महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी माणसे घेऊन तिथे उतरला आणि तटाचे दगड रचू लागला. मुंबईच्या इंग्रजांना बेट आपले वाटत होते. जंजिऱ्याच्या सिद्दीला आपले. ऑक्टोबरमध्ये दौलतखानाची गलबते इंग्रजांच्या ताफ्यावर आली आणि 'डव्ह' नावाचे इंग्रजी गलबत मराठ्यांच्या हाती लागले. इंग्रजांची मोठी जहाजे खोल पाण्यात वाऱ्याची वाट पाहत उभी राहत आणि मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद पोचवीत. किल्ला बांधून झाला. पुढच्या जानेवारीत सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले, तरी खांदेरी सुटली नाही.

१७/ या एका नावात हुकूम देणारा राजा आहे, दगड रचणारा भंडारी आहे, तोफ डागणारा मुसलमान सरदार आहे, आणि काळोखात वल्ही मारणारे ते सगळे निनावी आहेत. कोणालाही वगळावे लागत नाही, कोणाचाही क्रम लावावा लागत नाही. भारतीय नौदलाने डिसेंबर १९६८ मध्ये एका पाणबुडीला हे नाव दिले. ती निवृत्त झाल्यावर सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतच बांधलेल्या नव्या पाणबुडीला तेच दिले. आजही ती 'खांदेरी' पाण्याखाली फिरते आहे. महाराजांचे स्मारक समुद्रात हवे म्हणणाऱ्यांनी याहून खोलवर गेलेले स्मारक दाखवावे.

१८/ किल्ल्यांची नावे हा नवा शोध नव्हे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत संघाकडून आलेल्या तीन क्षेपणास्त्रवाहू नौकांची नावे 'विजयदुर्ग', 'सिंधुदुर्ग' आणि केरळातल्या किल्ल्यावरून 'होसदुर्ग' अशी होती. तिन्ही २००४ पर्यंत निवृत्त झाल्या. 'रत्नागिरी' आणि 'कोकण' या सुरुंग काढणाऱ्या नौका होत्या. अगदी अलीकडे, जून २०२५ मध्ये विशाखापट्टणमला 'अर्नाळा' दाखल झाली. वसईच्या मोहिमेत, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेल्या त्या बेटावरच्या किल्ल्याचे नाव आता पाणबुडीविरोधी युद्धाच्या नौकांतील पहिल्या नौकेला आहे. त्याच मालिकेत 'मालवण'ही आहे. समाजमाध्यमांवर 'मराठ्यांना नौदलात स्थान नाही' हे वाक्य ज्या आठवड्यात सर्वाधिक फिरत होते, त्याच सुमारास ही नावे गोदीत रंगवली जात होती.

१९/ ठिकाणाचे नाव घेतले की त्या ठिकाणचे गैरसोयीचे सत्यही घ्यावे लागते, आणि मला तेच हवे आहे. विजयदुर्ग म्हणजे कान्होजींचा दरारा, तसाच फेब्रुवारी १७५६ ही. त्या महिन्यात वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी समुद्राकडून हल्ला केला, पेशव्यांची फौज जमिनीकडून आली, आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गाच्या खाडीत जळाले. आपल्याच हातांनी इंग्रजांना वाट करून दिली. पुतळ्याच्या चौथऱ्यावर हे कोरता येत नाही. नौकेवरच्या नव्या खलाशाला 'विजयदुर्ग म्हणजे काय' असे विचारले, तर मात्र त्याला सांगावेच लागेल. कोलकात्याच्या फोर्ट विल्यमला लष्कर आता 'विजय दुर्ग' म्हणू लागले आहे. चांगले आहे, पण हुगळीच्या काठी आलेले हे नाव समुद्रावरही परत यायला हवे.

२०/ आता आमच्याकडची गोष्ट. मी पोखर्णीचा. परभणी-परळी लोहमार्गावर 'पोखर्णी नृसिंह' हे स्थानक आहे. देवदर्शनाला येणारे तिथे उतरतात. इथून समुद्र कोणत्याही दिशेला शेकडो कोसांवर. युद्धनौकांच्या नावांशी तुमचा काय संबंध, असे कोकणातला एखादा मित्र चेष्टेने विचारतो. संबंध आहे, आणि त्याची सुरुवात अपमानाची आहे.

२१/ १८५४ मध्ये मुंबईच्या गोदीत कंपनीसाठी वाफेवर चालणारी एक युद्धनौका बांधली गेली. तिचे नाव 'असई'. आज जालना जिल्ह्यात असलेल्या या गावी सप्टेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. मराठवाड्याच्या एका खेड्याचे नाव समुद्रावर गेले ते आपल्या पराभवाचे नाव म्हणून. त्याआधी १८१५ मध्ये त्याच गोदीत, मलबारी सागवानात 'वेलस्ली' नावाची ७४ तोफांची नौकाही बांधली गेली होती. इथे एक मौज आहे. त्या नौकेचे नाव पुढे इंग्रजांनीच बदलून 'कॉर्नवॉल' केले, आणि सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बाँबफेकीत ती टेम्सच्या पाण्यात बुडाली, तेव्हा तिच्यावर वेलस्लीचे नाव उरलेलेच नव्हते. विजेत्याचे नाव पुसले गेले. असई गाव आहे तिथेच आहे.

२२/ मराठवाड्याचे दुसरे नाव 'गोदावरी'. गंगाखेडला, जनाबाईंच्या गावी, तिला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. १९४३ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीत या नावाची नौका आली. सतलज, जमना, कृष्णा, कावेरी, नर्मदा आणि गोदावरी अशा सहा बहिणी होत्या. फाळणीत नौकांचीही वाटणी झाली, आणि ती कशी झाली पाहा : सतलज भारताला मिळाली, नर्मदा आणि गोदावरी पाकिस्तानला. पाकिस्तानने नर्मदेची 'झेलम' केली आणि गोदावरीची 'सिंध'. पंजाबची नदी आपल्या ताफ्यात राहिली, आणि दख्खनच्या गंगेला कराचीत नवे नाव मिळाले. कोणाचाही द्वेष न वाढवता फाळणी समजावून सांगायची असेल, तर शाळेत ही एक वाटणी शिकवावी.

२३/ नाव मात्र बुडाले नव्हते. १० डिसेंबर १९८३ रोजी माझगाव गोदीत बांधलेली नवी 'गोदावरी' नौदलात आली. भारतात आरेखन होऊन भारतात बांधली गेलेली ती पहिली क्षेपणास्त्रवाहू फ्रिगेट. १९८८ च्या नोव्हेंबरात मालदीवमध्ये भाडोत्री सैनिकांनी उठाव केला आणि ओलिसांना घेऊन ते एका व्यापारी जहाजातून पळाले. त्या जहाजाला समुद्रात गाठणाऱ्या नौकांत ही 'गोदावरी' होती आणि 'बेतवा' होती. पुढे एडनच्या आखातात चाच्यांविरुद्धच्या गस्तीतही ती गेली. २३ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत तिच्यावरचा ध्वज उतरला.

२४/ तिसरे नाव 'सातवाहन'. विशाखापट्टणमला पाणबुडीवरील नौसैनिकांना जिथे शिक्षण देतात, ती संस्था 'आयएनएस सातवाहन'. पैठण, म्हणजे प्रतिष्ठान, ही सातवाहनांची राजधानी गोदावरीच्या काठी. पैठणहून आणि तेरहून माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जात असे, हे पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात नोंदलेले आहे. त्यांच्या काही शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. समुद्रापासून इतक्या दूर बसलेल्या राजांनी नाण्यावर जहाज का उमटवावे, याचे उत्तर त्या गाड्यांच्या चाकोरीत आहे. देशावरच्या माणसाचा समुद्राशी संबंध काय, हा प्रश्न दोन हजार वर्षे जुना आहे आणि त्याचे उत्तरही तेवढेच जुने.

२५/ नौदलाच्या पद्धतीतही मला एक गोष्ट खटकते, ती सांगून थांबतो. अभय, अजय, अक्षय, अग्रय : एका अक्षराने सुरू होणारी विशेषणे कोशातून उचलायची, ही सवय. उच्चाराला सोपी, वादाला जागा नाही. पण 'अजय' ही नौका कोणत्या पाण्याची, कोणत्या मातीची? अशा नावामागे सांगण्यासारखी गोष्ट नसते. नव्या खलाशाने टोपीवरचे नाव वाचावे आणि त्या नावाचा गाव, डोंगर किंवा नदी नकाशावर शोधावी, एवढी तरी अपेक्षा नावाकडून असावी. डिसेंबर २०२३ मध्ये 'इंफाळ' दाखल झाली, तेव्हा ईशान्येकडच्या शहराचे नाव पहिल्यांदाच अशा मोठ्या विनाशिकेवर गेले. समुद्र नसलेल्या मणिपूरला ते मिळू शकते, यातच मला हवे ते सगळे आले.

२६/ म्हणून माझी मागणी कोण्या पुरुषाच्या नावाची नाही. 'विजयदुर्ग' आणि 'सिंधुदुर्ग' परत आणावेत. कुलाबा, सुवर्णदुर्ग, पद्मदुर्ग यांना संधी मिळावी. हलक्या, उथळ पाण्यातल्या नौकांच्या वर्गांना गुराब, गलबत, शिबाड, मचवा ही आरमाराची आपली नावे द्यावीत; आज ती बखरींच्या टिपांत पडून आहेत. आणि पुढे कधी नद्यांच्या नावांची नवी मालिका निघाली, तर तिच्यात 'गोदावरी' असावी. त्या दिवशी इथून कोणी मुंबईला जाणार असेल, तर गंगाखेडच्या घाटावरून तांब्याभर पाणी बरोबर न्यावे. नारळ फोडायला तिथे मंत्रालयाची माणसे असतीलच.

२७/ पुढचा धागा सातवाहनांच्या जहाजाच्या नाण्यांवर. ज्यांच्याकडे पैठण, तेर किंवा भोकरदन येथील उत्खननाविषयी वाचनीय काही असेल, त्यांनी खाली लिहावे. आक्षेपांचे स्वागत आहे. जातीचा उल्लेख करून आलेल्या आक्षेपांना उत्तर मिळणार नाही.